यमक पडलं की पडदा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "किती कविता पाठवू?" पलीकडून ते घाईघाईनं म्हणाले, "सर, कविता नको. अनुभव लिहा. नाटकातला." आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा, "कविता नकोच हं." यात त्यांची काही चूक नाही. त्यांच्या आधीच्या संपादकांनी माझ्या कविता परत पाठवल्या होत्या, आणि त्यांच्याही आधीच्यांनी परत पाठवण्याचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. बुऱ्हाणपुरात माझ्याइतका सातत्यानं नाकारला गेलेला कवी दुसरा नसेल, हे मी छाती ठोकून सांगतो.

पोटासाठी मी शाळेत मराठी शिकवलं. पण मराठीचे सर म्हणून मला गावात कुणी ओळखत नाही. शनवाऱ्याच्या बाजारात भाजी घेत असलो की मागून हाक येते, "ओ तुकबंदीवाले सर!" तुक म्हणजे यमक. आमच्या गावात हिंदी आणि मराठी एकाच ताटात जेवतात, त्यामुळे हा किताब मला हिंदीतून मिळाला. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगाचा तिळपापड झाला होता. मी स्वतःला कवी समजत होतो हो! आता हाक आली नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

तर आमची एक नाट्यसंस्था आहे आणि तिचं एकच नाटक आहे, 'राजा धीरसेन'. ते लिहिलं संस्थेच्या मूळ पुरुषानं. ते पेशानं वैद्य. सबंध नाटक यमकात. राजा रागावला तरी यमकात, राणी रडली तरी यमकात, प्रधानाला ठसका लागला तर तोही पुढच्या ओळीशी जुळवून घ्यावा लागे. दरवर्षी गणपतीत राजघाटाजवळच्या धर्मशाळेत पहिला प्रयोग, मग धूलकोट, खकनार, जिथून बोलावणं येईल तिथं. माझं काम दुहेरी. एक, विंगेत उभं राहून नटांना शब्द पुरवायचे. दोन, यमकांची डागडुजी. एखाद्या नटाच्या जिभेला 'प्रतिष्ठा' झेपत नसेल तर 'निष्ठा' बसवून द्यायची. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि राजा आधीच वनवासात गेलेला असला, तर वनवासातूनच त्यांच्या स्वागताच्या दोन ओळी म्हणवून घ्यायच्या. साहित्यात याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्याकडे याला 'सरांना विचारा' म्हणतात.

राजाचं काम बाळाभाऊ करायचे. तापीकाठी त्यांचा केळीचा मळा, घर गावात. माणूस घरात मुखदुर्बळ आणि रंगमंचावर नुसता गडगडाट. गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू परतला, हातही थोडा परतला, पण वाचा गेली. एवढं मोठं नाटक तोंडपाठ असलेल्या माणसाकडे एकच शब्द उरला : 'चला'. पाणी हवं, चला. राग आला, चला. डोळ्यांत पाणी आलं, तरी चला.

विमलवहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी. मी भेटायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे निस्ते चला चला करून राहिले. कुठं जायचं ते सांगतच नाहीत. मले काही जास्त नको. आयुष्यभर 'अगं ए' म्हणून हाक मारली, तेव्हा मी वैतागायची. आता एक डाव कशीबी हाक मारा म्हणते, तर चला."

हे मला कसं झोंबलं काय सांगू. मी शब्द पुरवणारा माणूस. माझा राजा समोर बसलेला आणि माझ्याकडे त्याला द्यायला शब्द नाही!

इथं थोडं थांबून आमच्या धंद्यातली खुबी सांगायला हवी, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. इतर नाटकांत विंगेतला माणूस नटाला पहिला शब्द देतो. आमच्याकडे शेवटचा देतात. ही वैद्यबुवांनी घालून दिलेली रीत. पहिला शब्द दिला तर गडबडलेला नट तेवढा एकच शब्द म्हणतो आणि पुन्हा विंगेकडे तोंड करून उभा राहतो. शेवटचा दिला की त्याला कुठं पोचायचं ते कळतं, मग वाट तो आपली आपण काढतो. ओळीच्या टोकाला यमक असतं, आणि ते ओढलं की मागची सगळी ओळ विहिरीतल्या बादलीसारखी वर येते.

यमकाचे लागेबांधे आणखीही आहेत. आमचा पडदा ओढतात रज्जाकचाचा. दिवसभर त्यांचा यंत्रमाग चालतो, त्यामुळे ते आपले मोठ्यानंच बोलतात. मराठी त्यांना बाजारापुरती कळते. नाटकात कोण कुणाचा कोण हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण प्रवेशाच्या शेवटी राजा दोन ओळी ठासून म्हणतो, दुसऱ्या ओळीचं टोक पहिल्याच्या टोकाला खटकन भिडतं, ढोलकीवर थाप पडते आणि चाचांचा हात सुटतो. "तुक बैठी, परदा गिरा. बाकी आपका राजा जाने," असं त्यांचं शास्त्र. ते कधीही चुकलं नाही. म्हणजे चुकलं एकदाच, आणि त्याला कारण मी नव्हतो, ही माझ्या कारकिर्दीतली एकमेव अभिमानाची गोष्ट.

झालं असं की बाळाभाऊ धडधाकट होते तेव्हा त्यांचा पुतण्या पंकज कुठलंसं नाट्यशिबिर करून आला आणि दिग्दर्शक झाला. पोरगा हुशार, पण नुकतंच शिकून आलेला. मला म्हणाला, "सर, बुरा मत मानना, पण हे यमक-बिमक आजकल कोण ऐकतो? माणसं असं बोलतात का कधी? एकदम नॅचरल पाहिजे." मी दोन दिवस रुसलो. मग त्यानं सगळं नाटक गद्यात उतरवलं, आणि मी विंगेत हाताची घडी घालून उभा राहिलो. मनात म्हटलं, बघू या कशी मजा येते. (माणूस म्हणून मी फार उदार नाही.)

पहिल्याच दरबारात प्रधान पुढं झाला आणि साध्या गद्यात म्हणाला, "महाराज, प्रजा उपाशी आहे, आणि कोठाराची किल्ली तुमच्यापाशी आहे." बिचाऱ्या पंकजला लिहिताना कळलंही नसेल. पण आहे-आहे, उपाशी-पाशी असं खटकन भिडलं, ढोलकीवाल्यानं सवयीनं थाप मारली आणि धाडकन पडदा! प्रधान पडद्याच्या अलीकडे, राजा पलीकडे. लोकांना वाटलं मध्यंतर झालं. अर्धी धर्मशाळा चहाला उठली.

पण खरी कमाल प्रवेशाच्या शेवटी झाली. राजा राणीचा निरोप घेतो, बोलून मोकळा होतो, आणि उभा. राणीही उभी. यमक नाही, त्यामुळे थाप नाही, त्यामुळे पडदा नाही. पंकज विंगेतून हातवारे करतोय, चाचा दोरी धरून शांत. मी जवळ जाऊन म्हटलं, "चाचा, गिराओ!" तर म्हणाले, "तुक कहाँ आई?" शेवटी बाळाभाऊंनी काय केलं असेल? जुन्या नाटकातल्या दोन ओळी आठवून गडगडाटात ठोकून दिल्या. त्यांचा त्या प्रसंगाशी काडीचा संबंध नव्हता. पण पडदा पडला. त्यानंतर पंकज माझ्याकडे आला आणि कान धरून म्हणाला, "सर, यमक वापस ले आओ." मी लगेच 'हो' म्हटलं नाही. चहा पाजायला लावला, मग म्हटलं.

आता माझी स्वतःची फजिती सांगतो, नाहीतर वाचक म्हणतील, दुसऱ्यांच्याच सांगतो. पहिल्या अंकात राजाची प्रतिज्ञा आहे :

दिला शब्द जर मोडला मी, तर बुडो हे माझे नाव;
सोडिन गादी, सोडिन राज्य, सोडिन माझा गाव.

मला हे फार बाळबोध वाटायचं. माझ्यातला कवी सळसळला, आणि मी शेवट बदलून 'नको कशाची हाव' केला. अर्थ खोल झाला असं माझं मत. बाळाभाऊ म्हणाले, "मास्तर, लोकांले आवडन का?" मी म्हटलं, "लोकांना काय कळतं!"

प्रयोग धूलकोटला होता. तिथल्या प्रेक्षकांची एक खोड आहे. राजा पहिली ओळ म्हणतो, दुसरी म्हणत येतो, आणि शेवटचा शब्द सगळं गाव मिळून म्हणतं. या खोडीवर माझा जुना राग. म्हटलं, नटाला बोलू द्या ना, तुम्ही कशाला बोलता? तर त्या दिवशी बाळाभाऊ म्हणाले 'हाव' आणि सगळं धूलकोट म्हणालं 'गाव!' एकदम टक्कर. पुढच्या रांगेतून एक पागोटंवाले बाबा उठले आणि अगदी आदरानं म्हणाले, "राजेसाहेब, चुकलं तुमचं. गाव म्हना, गाव." बाळाभाऊंनी त्यांना मुजरा केला, पुन्हा दोन्ही ओळी म्हटल्या, या वेळी 'गाव' म्हणाले, आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की माझं काळीज विंगेतच बसलं. मध्यंतरात ते बाबा माझ्याकडे आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, जरा पाठ करून येत जा." माझ्या काव्यावर मिळालेली ही एकमेव लेखी-तोंडी प्रतिक्रिया.

तर अशा या गावाच्या, पडद्याच्या आणि यमकाच्या भानगडीत आयुष्य घालवलेला मी, बाळाभाऊंच्या खाटेशेजारी बसलो होतो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "चला." काय सुचलं कोण जाणे, सवयीनं माझ्या तोंडून विंगेतला हळू आवाज निघाला, "...गाव."

बाळाभाऊंची मान वर झाली. आणि सबंध ओळ बाहेर आली : "सोडिन गादी, सोडिन राज्य, सोडिन माझा गाव."

वहिनी आतून धावत आल्या. "बोलले! पुरं बोलले!" मग बाळाभाऊंकडे बघून रडत रडत हसल्या. "पन हे काय बोलता? गाव कुठं सोडता, गुडघा तर वळत नाही अजून!"

इस्पितळात त्यांना बोलणं शिकवायला एक ताई यायच्या. मी त्यांना हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की असं कधी कधी होतं, घोकलेलं, गायलेलं येतं, पण मनातलं सांगता येईलच असं नाही. फार आशा धरू नका, पण करून बघा. आशा धरू नका म्हटलं की मी धरतोच, नाहीतर इतक्या कविता पाठवल्या असत्या का?

घरी येताना डोक्यात प्रकाश पडला. माणसाकडे एकच शब्द उरला होता, आणि तोही कसा नामी! चला. चला-मला-आला-झाला. मराठीत याच्याइतकं उदार यमक दुसरं नाही. शब्द उरायचाच होता तर राजानं बरोबर टोकाचा उरवला होता. दुसऱ्या दिवसापासून मी घरगुती ओळी जुळवायला लागलो. पहिली चहाची :

कंटाळा हा आला मला;
गरम चहा आणा चला.

आधी मी पूर्ण म्हणायचो, मग टोकं द्यायचो, मग नुसता हात हलवायचो. महिना-दीड महिना गेला असेल. एके दिवशी मी दारातून आत शिरतोय तोच आतून गडगडाट झाला, "गरम चहा आणा चला!" तो चहा वहिनींनी साखर दोनदा घालून आणला, इतक्या त्या बावरल्या होत्या.

पण माझी प्रत्येक ओळ फळली असं समजू नका. गोळ्या घेताना ते तोंड फिरवत, म्हणून मी गंमत केली, 'गोळी कडू ही नको मला, देऊन टाका मांजराला'. ती त्यांना सगळ्यात लवकर आली. मग गोळी दिसली की तेवढंच म्हणायचे आणि तोंड मिटायचे. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या कवितेपायी माणूस हातचा जाईन." शिवाय बोली सगळी नाटकाची. घरात जन्मभर 'मले' म्हणणारा माणूस आता 'मला' म्हणायचा, तेही छाती काढून. शेजारीण विचारायची, "का वो, तुमच्याकडे रोज तालीम असते का?"

हे सगळं झालं, पण हाक काही येईना. 'अगं ए' हे तर यमकात बसेना. मी पुष्कळ खटपट केली. 'ए' ला जुळणारं देवानं पुष्कळ दिलंय, पण ते बाळाभाऊंच्या जिभेवर चढेना. त्यांची जीभ 'ला' वरच धावायची. तेव्हा माझ्या डोक्यात आलं की वहिनींचं लग्नातलं नाव विमला! दुसरं काय हवं? मी एक उखाणा जुळवला. आपल्याकडे लग्नात नाव घ्यायची रीत तीच, टोकाला यमक आणि यमकात नाव. माझाही धंदा तोच. म्हटलं, नाटकात जन्म घालवला, आता हळदी-कुंकवात जाऊ.

तापीकाठी मळा फुलला, आनंद झाला फार मला;
केळीहूनही गोड आहे घरची माझी विमला.

वहिनी म्हणाल्या, "माझ्या नावाच्या मधात केळी कशाले?" मी दुर्लक्ष केलं. बाळाभाऊंना ओळ पटकन आली. 'घरची माझी' इथवर खणखणीत यायचे, आणि थांबायचे. मी टोक द्यायचो. ते खाली बघायचे. कान लाल व्हायचे. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथंच थांबायचे. मांजर आलं, चहा आला, गाव आला, पण विमला काही येईना.

एकदा असंच झाल्यावर वहिनी मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, यांनी माझं नाव लग्नात एकदा घेतलं होतं. तेबी पोरींनी दार अडवलं म्हनून. त्याच्यानंतर कधीच नाही. लाजाळू मानूस. आता मले समजत नाही, यांची जीभ अडते का लाज अडवते. येत नाही, का घेत नाही. तेवढं कळलं तरी पुरे झालं. येतच नसन तर मी पुन्हा विचारनार नाही."

मलाही तेच कळत नव्हतं. त्या रात्री मला माझ्या उखाण्याची लाज वाटली. केळी खरंच नको होती.

मग गणपती आले. यंदा राजाचं काम पंकज करणार होता. मी त्याला म्हटलं, "शेवटचा प्रवेश बाळाभाऊंना दे." शेवटी राजा वनवासातून म्हातारा होऊन परततो, हातात काठी, कुणी त्याला ओळखत नाही, आणि राणी समोर येते. तिथं राजाला फक्त दोन ओळी आहेत. पंकज म्हणाला, "सर, रिस्क आहे. काकांना स्टेजवर काही आठवलं नाही तर? सब के सामने? काकूंना काय वाटेल?" पोराचं चूक नव्हतं. मलाही भीती होती. पण बाळाभाऊंना विचारलं तर त्यांनी काठी उचलली, जमिनीवर आपटली आणि म्हणाले, "चला!" यावर काय वाद घालणार?

प्रयोग संध्याकाळचा होता. धर्मशाळा भरलेली. धूलकोटहून एक गाडी भरून माणसं आली होती, कारण राजेसाहेब येणार हे त्यांना कळलं होतं. पागोटंवाले बाबा आता राहिले नाहीत, पण त्यांचा मुलगा पुढच्या रांगेत, तशाच ऐटीत. वहिनी बायकांच्या बाजूला, डोक्यावरून पदर, मान खाली. विंगेत मी त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा पाठ करत होतो. या वयात, या धंद्यात, स्वतःला एक अक्षर बोलायचं नसताना!

शेवटचा प्रवेश लागला. पंकजनं स्वतः काकांना हात धरून आणलं आणि सोडलं. राणीचं काम करणारी सीमा समोर येऊन उभी राहिली. बाळाभाऊ काठीवर भार देऊन ताठ झाले, आणि तोच जुना आवाज, थोडा घोगरा, थोडा वाकडा :

"राज्य गेले, रत्न गेले, खंत नाही आज मला;"

मी विंगेत एक पाऊल पुढं सरकलो.

"सर्व माझे येथ उरले, एक माझी..."

आणि थांबले. राणीचं नाव चंद्रकला. मी विंगेतून टोक दिलं, "चंद्रकला." मी पुन्हा दिलं, जरा मोठ्यानं. मग सगळ्या धूलकोटनं दिलं, "चंद्रकला!" ज्या खोडीवर मी जन्मभर चरफडलो, तिचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आधार वाटला. मनात म्हटलं, घ्या हो, सगळं गाव देतंय, घ्या!

बाळाभाऊंनी मान हलवली. नाही म्हणून. सीमाकडे पाठ केली, हळूहळू, काठी टेकत, बायकांच्या बाजूला वळले. कान लाल झालेले मला विंगेतून दिसले.

"...विमला."

खटकन यमक भिडलं, थाप पडली आणि चाचांचा हात सुटला. मेल्या माझ्या कानाला त्याही क्षणी दोन मात्रा कमी पडल्याचं जाणवलं, एवढा मी पोचलेला कवी! पण डोळे भरून आले होते, तेव्हा मात्रा कोण मोजतो? येत होतं. सगळं येत होतं. माणूस लाजत होता फक्त.

बाहेर जो गलका झाला तो विचारू नका. पडदा पुन्हा वर घ्यावा लागला. पंकज वहिनींना हाताला धरून वर घेऊन आला होता. त्या राजाशेजारी उभ्या राहिल्या, तोंडाला पदर. आणि आता लोकांना चेव आला. "काकू, नाव घ्या! नाव घ्या!" लग्नघरासारखा नुसता कल्ला. धूलकोटवाले तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

वहिनींनी विंगेकडे, माझ्याकडे पाहिलं. नट अडला की बघतो ना, अगदी तसंच. टोक द्या म्हणून.

आणि वाचकहो, माझ्याकडे काही नव्हतं. बाळाभाऊंचं खरं नाव बाळकृष्ण. कृष्ण, तृष्णा, उष्ण... डोकं नुसतं भणभणत होतं. आयुष्यभर राजांना, प्रधानांना, उशिरा येणाऱ्या पाहुण्यांना यमकं वाटत फिरलेला हा तुकबंदीवाला, ऐन वेळी तोंड उघडं टाकून उभा! मी नुसते दोन्ही हात वर केले.

वहिनी थोडं हसल्या. पदर बाजूला केला, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळकृष्ण."

बस. ना मागं ओळ, ना पुढं. यमकाचा पत्ता नाही. ढोलकीवाला हात उचलून तसाच बसलेला, थाप मारावी की नाही ते त्याला कळेना. बाळाभाऊ तिच्याकडे बघत राहिले आणि त्यांनी तिचा हात धरला.

आणि पडदा पडला.

मी धावत रज्जाकचाचांकडे गेलो. त्यांनी पंकजच्या गद्यापुढंही यमकाशिवाय दोरी सोडली नव्हती. म्हटलं, "चाचा, ये क्या किया? तुक कहाँ बैठी थी?"

चाचा गमछ्यानं डोळे पुसत होते. म्हणाले, "क्या मालूम, मास्टरजी. मुझे तो बैठी हुई लगी."

बाळकृष्णला जुळणारं यमक मी अजून शोधतोय. रोज फिरायला जाताना शोधतो, भाजी घेतानाही शोधतो. सापडलं तर वहिनींना नेऊन देईन म्हणतो. त्या परवा म्हणाल्या, "राहू द्या भाऊजी, आता यांले तशाच हाकेची सवय झाली."